उंच इमारत चढताना काचेपेक्षा सांधे बघा

प्रश्न रत्नागिरीहून आलाय. विचारणारे एका पतसंस्थेचे संचालक आहेत. मुलीकडे नवी मुंबईला त्यांचं दोन-तीन महिन्यांनी जाणं होतं आणि तिच्या गॅलरीतून ऑफिसची पस्तीसेक मजली नवी इमारत चढताना दिसते. दर खेपेला ते तिथूनच फोटो काढतात. त्यांचं म्हणणं असं: वर अजून स्लॅब पडतायत आणि खाली काच लागलीसुद्धा, हे कसं काय? मधेच एक उभा पट्टा उघडा का ठेवलाय? आणि मुख्य म्हणजे, पतसंस्थेच्या सहा मजली नव्या कार्यालयाला बाकीच्या संचालकांना 'अगदी तशीच काच' हवी आहे. प्लॉट समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. टिकेल का?

मी गुहागरचा. सत्तावीस वर्षं फसाडच्या धंद्यात काढली, म्हणजे इमारतीला बाहेरून जे काचेचं, अॅल्युमिनियमचं, दगडाचं कातडं लागतं त्याच्या डिझाइनमध्ये आणि साइटवर. आता वर्षातले सहा महिने गावी असतो, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी माझं घरचंच नातं आहे.

आधी सोपं संपवतो. अशा इमारतीत मधला गाभा, म्हणजे लिफ्ट आणि जिन्यांभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती, सगळ्यांत पुढे चढतात. त्यांच्यामागे चार-पाच मजल्यांवर स्लॅब, आणि त्याच्याखाली आठ-दहा मजले सोडून काच. हे जमतं, कारण काचेच्या भिंतीवर इमारतीचा काडीचाही भार नसतो. जांभ्याच्या घरात खालचा चिरा बसल्याशिवाय वरचा बसत नाही. इथे प्रत्येक मजल्याची काच त्या मजल्याच्या स्लॅबच्या कडेला टांगलेली असते, पडद्यासारखी. कर्टन वॉल हे नाव त्यावरूनच पडलं. न्यूयॉर्कचं लिव्हर हाऊस १९५२ साली झालं, त्यानंतर ऑफिसची इमारत म्हणजे काचेचा पडदा हे समीकरण जगभर रुळलं.

उघडा उभा पट्टा होइस्टचा आहे. माणसं आणि माल नेणारी बाहेरची लिफ्ट इमारतीला टेकून चढते. ती उतरवेपर्यंत तिथे काच लावता येत नाही. टॉवर क्रेन जिथे इमारतीला बांधलेली असते तिथेही असेच चौकोन सुटलेले दिसतील. हा पट्टा बुजायला लागला की काम शेवटाला आलं असं धरा. तो सगळ्यांत घाईत आणि बऱ्याचदा उरल्यासुरल्या टोळीकडून भरला जातो. पुढे गळती निघाली की मी आधी होइस्टचा पट्टा कुठे होता ते विचारतो.

आता तुमच्या फोटोंबद्दल. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या फोटोंत काच आहे: सूर्यास्ताची, ढगांची, शेजारच्या इमारतीचं प्रतिबिंब पडलेली. छान आहेत. पण पुढच्या वेळी मुलीच्या घरी दुर्बीण असेल तर काच लागायच्या आधीच्या दोन मजल्यांकडे बघा. स्लॅबच्या कडेवर दीड-दीड मीटरवर लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचे हात बाहेर आलेले दिसतील. ते ब्रॅकेट. खरं कौशल्य तिथे आहे. काँक्रीटवाल्याचा स्लॅब वीस मिलिमीटर आतबाहेर झाला तर ते उत्तम काम समजतात, आणि आमचं युनिट, म्हणजे काच बसवलेली तयार चौकट, तीन मिलिमीटर चुकलं तरी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खालच्या चहावाल्यालाही ते दिसतं. हा फरक ब्रॅकेट गिळतो. त्याला आत-बाहेर, डावी-उजवीकडे आणि वर-खाली असं तिन्ही बाजूंनी सरकवायची सोय असते. सर्व्हेवाला पियानोची तार ताणून, यंत्र लावून रेषा देतो, मग बोल्ट आवळतात.

त्यानंतर युनिट येतं. कारखान्यात चौकटीत काच बसवून, सिलिकॉन सुकवून, नंबराचं लेबल लावून. दीड मीटर रुंद, चार मीटर उंच धरा. काचेचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: एक चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. सहा मिलिमीटरच्या दोन काचा, मधे हवेची पोकळी, म्हणजे नुसती काचच १८० किलो. वरच्या मजल्यावरून छोट्या क्रेनने ते खाली सोडतात, दोन माणसं पट्टे बांधून आतून धरतात, आणि शेजारच्या युनिटच्या खाचेत त्याची कड सरकवतात. खट्ट असा आवाज येतो. तो ऐकला की साइटवरचा प्रत्येक जण अर्धा सेकंद श्वास सोडतो. शेजारी शेजारी, खालून वर, ठरलेल्या क्रमाने. मधलं एक युनिट पुढे फुटलं तर काढून बदलणं जिवावर येतं. कधी कधी एखाद्या चौकोनात महिनोन् महिने प्लायवुड दिसतं, त्याचं कारण हेच. नवी काच मागवायची, तिचा रंग जुन्या लॉटशी जुळवायचा आणि मग बसवायची.

आता मूळ मुद्दा, जो तुमच्या सहा मजल्यांनाही लागू आहे.

आपल्या घरावरचं मंगलोरी कौल आठवा. एका कौलात आणि दुसऱ्या कौलात फट असते. चूल पेटली की धूर त्या फटींतून बाहेर जातो, उन्हाच्या तिरिपा माजघरात पडतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तरी शाकारणी नीट झाली असेल तर ते छप्पर गळत नाही. कारण कौल पाणी अडवायला बसवलेलंच नाही. ते पाणी एका कौलावरून दुसऱ्यावर देतं आणि शेवटी पागोळीला सोडतं. याउलट स्लॅब. एकही फट नाही, वर वॉटरप्रूफिंग, आणि पाचव्या वर्षी गळायला लागतो. शेवटी आपण त्याच्यावर पत्र्याची शेड घालतो. रत्नागिरीत एक चक्कर मारा आणि किती स्लॅबांच्या डोक्यावर पत्रे आहेत ते मोजा.

चांगलं फसाड कौलासारखं विचार करतं. बाहेरची रबरी गॅस्केट पावसाचा मोठा भाग अडवते, पण थोडं पाणी आत येणार हे गृहीतच धरलेलं असतं. आत एक पोकळी असते. तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी छोटी भोकं असतात, त्यामुळे पोकळीतला दाब आणि बाहेरच्या वाऱ्याचा दाब जवळपास सारखा होतो. दाब सारखा झाला की पाण्याला आत ढकलायला कुणी उरत नाही. आलेलं पाणी उताराने पन्हळीत जातं आणि त्याच भोकांतून बाहेर पडतं. हवा अडवणारा खरा बंदोबस्त त्याच्या मागे, कोरड्या जागी असतो. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची.

हे न कळल्याने काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघितलंय. मुंबईतली एक इमारत, नाव सांगत नाही. पहिला पाऊस, चौदाव्या मजल्यावर ऑफिसच्या नव्या गालिच्यावर पाणी. आम्ही जिथे पाणी दिसत होतं तिथलं आतलं पॅनेल उघडलं. सगळं ठीक. दोन दिवस नळीने पाणी मारत बसलो, काही सापडेना. शेवटी तिथून तीन खिडक्या सोडून पलीकडे, बाहेरून झुल्यात बसून, आडव्या पट्टीच्या खालच्या बाजूला हात फिरवला. भोकं लागेनात. बोटाला गुळगुळीत सिलिकॉन. शेवटच्या साफसफाईत कुणीतरी प्रामाणिकपणे, मन लावून, पाणी आत जाऊ नये म्हणून सगळी भोकं बुजवली होती. पोकळी पिंपासारखी भरली, पाणी आडव्या पन्हळीतून वाहत गेलं आणि जिथे जोड कच्चा होता तिथे आत उतरलं. चाकूच्या टोकाने मी पहिलं भोक मोकळं केलं तर बाहीत कोपरापर्यंत पाणी आलं. त्या कामगाराला मी काय बोलणार? घरी गळतं तिथे पुट्टी भरायची हेच आपल्या सगळ्यांना शिकवलेलं असतं.

सांधा नको तितका घट्ट केला की काय होतं याचं जगातलं गाजलेलं उदाहरण बॉस्टनचं. तिथल्या साठ मजली जॉन हॅन्कॉक टॉवरच्या काचा १९७३ च्या सुमारास पडायला लागल्या. जागोजाग प्लायवुड ठोकून इमारत उभी होती आणि शेवटी सगळ्या, म्हणजे १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या. वाऱ्याला, पायाला, सगळ्यांना दोष देऊन झाला. खरा दोष काचेच्या दोन तावांमधल्या कडेच्या जोडात निघाला. शिशाचा तो जोड इतका ताठ होता की काच थोडी हलली की ताण थेट काचेच्या कडेत उतरे. अॅल्युमिनियमची चार मीटरची उभी पट्टी तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाला जवळजवळ चार मिलिमीटर लांबते-आखडते. काच त्याच्या निम्म्याहूनही कमी. वरचा स्लॅब माणसं आणि कपाटं आल्यावर वाकतो तो वेगळाच. म्हणून दोन मजल्यांच्या युनिटांमध्ये बोटभर सांधा ठेवतात. तो दिसतो तितका रिकामा नसतो, पण त्याला हलू द्यायचं असतं.

मोठ्या इमारतीचं फसाड लावायच्या आधी तीन-चार युनिटांचा खराखुरा नमुना चेंबरवर बसवून चाचणी घेतात. एका प्रचलित चाचणीत चौरस मीटरला मिनिटाला ३.४ लिटर पाणी मारतात आणि आतल्या बाजूने हवा ओढून दाब निर्माण करतात. हे पाणी तासाला दोनशे मिलिमीटर पावसाइतकं होतं, तेही आडव्या जमिनीवर नाही तर उभ्या भिंतीवर. काही ठिकाणी विमानाचं पंखा-इंजिन समोर उभं करून पाण्याचे फवारे झोडपतात. गावच्या ओटीवर बसून जुलैतली झड बघितलेल्या माणसाला ही चाचणी फारशी अचाट वाटत नाही.

वाऱ्याचं गणितही बघा, कारण संचालक मंडळात हा प्रश्न येणारच. आपल्याकडच्या वाऱ्याच्या मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब न्यूटनमध्ये येतो, त्याला ९.८ ने भागलं की किलोत: चौरस मीटरला साधारण ११८ किलो. वर सांगितलेल्या सहा चौरस मीटरच्या युनिटवर सातशे किलो. हा नुसता पाया. उंची, आजूबाजूचा मोकळेपणा आणि इमारतीचा आकार यांचे गुणक याच्यावर लागतात. आणि हा दाब फक्त आत ढकलत नाही, कोपऱ्यांवर बाहेरही ओढतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागलं. त्यानंतर मी दापोलीकडे फिरलो तेव्हा बघितलं, छपराचे पत्रे आधी कडेचे आणि कोपऱ्याचे गेले होते, मधले नंतर. उंच इमारतीतही कोपऱ्यातल्या काचा म्हणूनच जाड असतात. दुसरी गोष्ट, वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी फुटली की वारा आत शिरून घर फुग्यासारखं फुगवतो आणि छप्पर आतून उचलतो. म्हणजे काच हा सुशोभनाचा भाग नाही, तिच्यावर छपराचा जीव असतो.

आता खारी हवा. इथे लोक फसतात ते वेगळ्याच जागी. पावसात धुऊन निघणारा भाग बरा राहतो. जिथे पाऊस पोचत नाही, छज्ज्याची खालची बाजू, पोर्चची छतपट्टी, तिथे मीठ साचत जातं आणि तिथेच रंग फुगतो. घरच्या ग्रिलचा वरचा भाग बरा आणि वळचणीखालचा गंजलेला असतो, ते यामुळेच. म्हणून किनाऱ्यावर पॅनेल निवडताना आधी 'हे धुणार कोण, कशावर उभं राहून' हे ठरवा. रत्नागिरीत दोरीवर लटकून काच धुणाऱ्या टोळ्या रस्त्यावर मिळत नाहीत. गच्चीच्या कठड्याला दोरीसाठी पक्के हुक पहिल्या दिवशीच काँक्रीटमध्ये बसवा. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या हुकावर माणूस लटकवू नका.

स्क्रू आणि बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे मागा. ३०४ स्वस्त पडतं, दुकानात दोन्ही सारखेच चकाकतात, पण ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे तेच उभं राहतं. ३०४ वर एक-दोन पावसाळ्यांत चहाच्या डागासारखे तपकिरी ओघळ दिसायला लागतात. लोखंडी ब्रॅकेट आणि अॅल्युमिनियमची पट्टी एकमेकांना थेट टेकवू देऊ नका. दोघांमध्ये खारं पाणी आलं की बॅटरीच तयार होते आणि अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मधे नायलॉनची चकती हवी. रुपया-दोन रुपयांची वस्तू, आणि साइटवर सगळ्यांत आधी हरवते तीच.

एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, त्याबद्दल थोडं कडक बोलतो. आपल्याकडे शोरूमपासून दवाखान्यापर्यंत जो तो ते चकचकीत पत्रे लावतोय. दोन पातळ अॅल्युमिनियमच्या तावांमधे काय भरलंय ते महत्त्वाचं. साधं पॉलिथीन भरलेलं असेल तर ते मेणबत्तीसारखं जळतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली, त्यात आग बाहेरून वर चढली ती अशाच पत्र्यांवरून. खनिज भरलेलं, आगीला तोंड देणारं पॅनेल मागा, त्याचं चाचणीपत्र मागा, आणि साइटवर आलेल्या मालाचा एक तुकडा कापून तो पत्रावरच्या मालाशी जुळतो का ते स्वतः बघा. आणखी एक जागा म्हणजे स्लॅबची कड आणि काच यांच्यामधली फट. ती रॉकवूलने, म्हणजे दगडाच्या न जळणाऱ्या लोकरीने, ठासून, वरून सील करून बंद नसेल तर खालच्या मजल्याचा धूर चिमणीतून गेल्यासारखा वर जातो. नवी मुंबईच्या तुमच्या टॉवरमध्ये प्रत्येक मजल्यावर काही काचांवर लाल अक्षरं दिसतील. आगीच्या वेळी उघडायचे पॅनेल ते, अग्निशमनवाल्यांसाठी आणि धूर बाहेर काढायला.

राहिलं ऊन. रत्नागिरी सतरा अंश अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या जरा उत्तरेला असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. दक्षिणेला आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेला चार वाजताचं ऊन छज्ज्याखालून थेट टेबलावर येतं, आणि समुद्र पश्चिमेलाच, म्हणून सगळ्यांना काच तिथेच हवी! ऊर्जा बचतीच्या ईसीबीसी २०१७ या संहितेत, सरळ तक्त्याने जायचं तर, भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त खिडकी चालत नाही, आणि आपल्यासारख्या दमट-उष्ण हवेत काचेतून उन्हाच्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा आत यावा अशी अपेक्षा आहे. साधी सहा मिलिमीटरची काच ऐंशी टक्के आत सोडते. म्हणजे लेप दिलेली, दुहेरी काच आलीच. शिवाय पावसाळ्यात आत एसी चालू असेल तर एकेरी काचेला बाहेरून घाम फुटतो, बर्फाच्या ग्लासासारखा, आणि कार्यालयात बसून समुद्र बघायचं स्वप्न धुकट होतं.

चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कांचनजंगा बांधली, १९८३ साली पूर्ण झाली, तेव्हा हाच पेच होता: वारा आणि समुद्राचं दृश्य पश्चिमेला, ऊन आणि झडही पश्चिमेलाच. त्यांनी काच पुढे आणली नाही. दोन मजली उंचीच्या गच्च्या कोपऱ्यात खोदल्या आणि खोल्या त्यांच्या मागे सारल्या. ती निवासी इमारत आहे, ऑफिस नाही, पण विचार आपल्या पडवीचाच. तुमच्या सहा मजल्यांना मी तेच सुचवेन. रस्त्याकडच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला हवी तर काच करा, संचालकांचं समाधान होईल आणि फोटोही चांगला येईल. पश्चिमेला मीटर-दीड मीटर खोल पडवी, तिला उभ्या पट्ट्या, आणि मागे साध्या सरकत्या खिडक्या.

नवी मुंबईच्या टॉवरचा माग ठेवायचा असेल तर फोटोंबरोबर कागदही वाचता येतात. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापडते. ऑफिसं विकायची असतील तर महारेरावर नोंद आणि कामाचा अहवालही असतो. नुसतं भाड्याने द्यायचं असेल तर ते तिथे मिळणार नाही.

आणि एक काम करा. तुमच्या आर्किटेक्टकडून खिडकीच्या खालच्या चौकटीचा पूर्ण मापाचा उभा छेद मागवा, एकाला एक, हाताने काढलेला असला तरी चालेल. त्यात पाणी कुठून आत येईल आणि कुठून बाहेर पडेल ते पेन्सिलने बाण काढून दाखवायला सांगा. आत येणारा बाण सगळे काढतात. बाहेर जाणारा काढता आला नाही तर टेंडर महिनाभर थांबवा आणि तो कागद मला पाठवा. गणपतीपर्यंत मी गुहागरातच आहे.